दुपारचा रतीब: अमेरिकेतील ‘सोप ऑपेरा’चा धंदा कसा चालतो

२४ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेतील सीबीएस या वाहिनीने ‘बियॉन्ड द गेट्स’ नावाची नवी दैनंदिन मालिका भर दुपारी सुरू केली, तेव्हा तिकडच्या करमणूक क्षेत्रात अनेकांनी भुवया उंचावल्या. एबीसी, सीबीएस आणि एनबीसी या तीन मोठ्या वाहिन्यांपैकी एखादीने दुपारसाठी नवी मालिका काढण्याचा याआधीचा प्रसंग जुलै १९९९ मधला होता. एनबीसीने तेव्हा ‘पॅशन्स’ सुरू केली होती. मधल्या पंचवीस वर्षांत नव्या मालिका निघाल्या नाहीत आणि चालू असलेल्या एकेक करून बंद पडल्या. ज्या धंद्याला सगळ्यांनी मोडीत काढले होते, त्यात पुन्हा पैसा घालण्याचे कारण काय, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर कथानकात सापडत नाही, जमाखर्चाच्या वहीत सापडते. आणि ती वही उघडली की या मालिकांची संथ गती, मेलेल्या पात्रांचे पुनरागमन, चार दिवस गायब होणारी नायिका, अशा हास्यास्पद वाटणाऱ्या कितीतरी सवयींचाही उलगडा होतो.

साबणाचा इथे संबंध काय?

‘डेली सोप’ हा शब्द मराठी घरांत आता इतका रुळला आहे की त्यातला ‘सोप’ म्हणजे खरोखरच साबण, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेतील घराघरांत रेडिओ पोचला होता. संध्याकाळी सारे कुटुंब रेडिओभोवती बसत असल्याने त्या वेळेला जाहिरातदारांची गर्दी होती. दिवसाची वेळ स्वस्त होती, पण ती घ्यायला कोणी फारसे उत्सुक नव्हते, कारण त्या वेळी घरात फक्त गृहिणी असे. मात्र कपडे धुण्याची पूड, भांड्यांचा साबण आणि स्वयंपाकाचे तेल विकत घेणारी हीच व्यक्ती होती. सिनसिनाटी शहरात १८३७ मध्ये मेणबत्त्या करणारे विल्यम प्रॉक्टर आणि साबण करणारे जेम्स गॅम्बल यांनी मिळून स्थापन केलेल्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने हे गणित इतरांपेक्षा आधी ओळखले.

गणित समजायला भाजीवालीचे उदाहरण पुरेसे आहे. ती भाजीबरोबर कोथिंबिरीच्या चार काड्या फुकट टाकते, तो काही दानधर्म नसतो; उद्याही गिऱ्हाईक आपल्याच टोपलीपाशी थांबावे, यासाठीची ती सोय असते. रेडिओवरची रोजची गोष्ट ही ती कोथिंबीर होती आणि साबण ही भाजी. १९३३ मध्ये सिनसिनाटीच्या डब्ल्यूएलडब्ल्यू केंद्रावर ‘मा पर्किन्स’ सुरू झाली. लाकडाची वखार चालवणाऱ्या एका समंजस विधवेची ही पंधरा-पंधरा मिनिटांची गोष्ट ‘ऑक्सिडॉल’ या धुण्याच्या पुडीच्या नावानेच जाहीर केली जाई. काही महिन्यांतच ती देशभर ऐकू येऊ लागली आणि थेट २५ नोव्हेंबर १९६० पर्यंत चालली. तिचे ७,०६५ भाग झाले आणि व्हर्जिनिया पेन या एकाच अभिनेत्रीने सत्तावीस वर्षे ती भूमिका केली. काम सुरू केले तेव्हा ती जेमतेम तेवीस वर्षांची होती.

पाश्चिमात्य घोडेस्वारांच्या चित्रपटांना अमेरिकन बोलीत थट्टेने ‘हॉर्स ऑपेरा’ म्हणत. त्याच धर्तीवर साबणवाल्यांच्या पैशावर चालणाऱ्या या रडक्या गोष्टींना १९३० च्या दशकाच्या अखेरीस ‘सोप ऑपेरा’ हे नाव पडले. नावात हेटाळणी होती, पण ते चुकीचे मात्र नव्हते.

हे घराणे कोणाचे?

गाण्याला जशी घराणी असतात, तसे या प्रकाराला एक घराणे आहे आणि त्याच्या मुळाशी इर्ना फिलिप्स ही शिक्षिका आहे. शिकागोच्या डब्ल्यूजीएन केंद्रावर १९३० मध्ये तिने लिहिलेली ‘पेंटेड ड्रीम्स’ ही या प्रकारातली पहिली मालिका म्हणून बहुधा सांगितली जाते. मालिका लोकप्रिय झाल्यावर तिने ती मोठ्या वाहिनीकडे न्यायचे ठरवले, तेव्हा केंद्राने हक्क आपला असल्याचे सांगितले. प्रकरण न्यायालयात गेले आणि ती हरली. या हारीतून ती जे शिकली ते पुढच्या साऱ्या इतिहासाला पुरले: गोष्ट कोण लिहितो यापेक्षा ती कोणाच्या नावावर आहे, हे महत्त्वाचे. त्यानंतर तिने आपल्या मालिकांचे हक्क स्वतःकडे ठेवले आणि ते विकलेही स्वतःच्या अटींवर.

ती लिहीत नसे, सांगत असे. खोलीत येरझाऱ्या घालत, प्रत्येक पात्राचा आवाज काढत ती संवाद बोले आणि लेखनिक ते टिपून घेई. एका वेळी तिच्या अनेक मालिका चालू असत. वकील, डॉक्टर, धर्मोपदेशक अशी सुशिक्षित व्यवसायातली पात्रे, मधली लांबलचक शांतता, दोन प्रसंगांना सांधणारे ऑर्गनचे सूर, ही सारी तिची देणगी. तिच्या हाताखाली ॲग्नेस निक्सन आणि विल्यम बेल तयार झाले. निक्सनने ‘वन लाइफ टू लिव्ह’ (१९६८) आणि ‘ऑल माय चिल्ड्रेन’ (१९७०) उभ्या केल्या. बेल याने पत्नी ली फिलिप बेल हिच्यासह ‘द यंग अँड द रेस्टलेस’ (१९७३) आणि ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ (१९८७) काढल्या. या शेवटच्या दोन आजही चालू आहेत. स्वतः फिलिप्सला मात्र १९७३ मध्ये तिनेच जन्माला घातलेल्या ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’वरून काढून टाकण्यात आले आणि त्याच वर्षअखेर तिचे निधन झाले. मालकी गेल्यावर काय होते, याचा दाखला तिच्याच आयुष्याने दोनदा दिला.

गाळा एकाचा, दुकान दुसऱ्याचे

मंडईत जसा गाळा नगरपालिकेचा आणि माल व्यापाऱ्याचा, तशी सुरुवातीची व्यवस्था होती. वाहिनीकडे वेळ होती. साबण कंपनी ती वेळ विकत घेई, आपल्या जाहिरात संस्थेकडून मालिका लिहवून घेई, नट नेमी आणि तयार कार्यक्रम वाहिनीला देई. म्हणजे जाहिरात मालिकेच्या मधे येत नव्हती, मालिकाच जाहिरातदाराच्या मालकीची होती. १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झालेली ‘गाइडिंग लाइट’ १९५२ मध्ये टीव्हीवर आली, आणि चार वर्षे तीच संहिता रेडिओवर आणि टीव्हीवर अशी दोनदा सादर होत होती, कारण मालकाला एका खर्चात दोन गिऱ्हाइके मिळत होती.

टीव्हीचा खर्च वाढला तसा एका कंपनीला अख्खा कार्यक्रम पेलणे जड होऊ लागले. मग वाहिन्यांनी स्वतः किंवा निर्मितिसंस्थांकडून मालिका करवून घेऊन त्यातले जाहिरातींचे तुकडे वेगवेगळ्या कंपन्यांना विकायला सुरुवात केली. आज आपल्याला हीच पद्धत स्वाभाविक वाटते. यात निर्मितिसंस्थेला वाहिनीकडून दर भागामागे जी ठरावीक रक्कम मिळते, तिला परवाना शुल्क म्हणतात. हा एकच शब्द इथे ध्यानात ठेवावा, कारण पुढची पडझड याच शुल्काच्या घासाघिशीतून झाली. प्रॉक्टर अँड गॅम्बलने मात्र आपल्या काही मालिकांची मालकी २०१० पर्यंत सोडली नाही.

हा धंदा भरभराटीला होता तेव्हा दुपारची वेळ ही वाहिन्यांची दुभती गाय होती. रात्रीच्या मालिकेला महागडे नट, बाह्यचित्रण आणि वर्षाकाठी वीस-बावीस भाग. दुपारच्या मालिकेला चार भिंतींचे सेट आणि वर्षाकाठी सुमारे अडीचशे भाग. म्हणूनच भागांची लांबी वाढत गेली. २ एप्रिल १९५६ रोजी ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ आणि ‘द एज ऑफ नाइट’ या पहिल्या अर्ध्या तासाच्या मालिका एकाच दिवशी आल्या, आणि जानेवारी १९७५ मध्ये ‘अनदर वर्ल्ड’ कायमची एक तासाची झाली. वेळ दुप्पट केली की जाहिरातींची जागा दुप्पट होते, पण सेट, कचेरी आणि प्रमुख नट तेच राहतात; त्यामुळे इतर मालिकांनीही लवकरच तीच वाट धरली.

मग गोष्ट पुढे का सरकत नाही?

या मालिकांवरचा सर्वांत जुना आक्षेप हाच आहे की सोमवारी उघडलेले दार शुक्रवारी बंद होते. त्यामागे लेखकांचा आळस नाही. दुपारची प्रेक्षक व्यक्ती इस्त्री करता करता, बाळ झोपवता झोपवता पाहते. पाचही दिवस ती पडद्यासमोर असेल असे गृहीत धरता येत नाही. तेव्हा मंगळवार आणि बुधवार चुकलेल्या व्यक्तीला गुरुवारी धागा सापडलाच पाहिजे. यासाठी घडलेली घटना आधी बहिणीला, मग डॉक्टरला, मग शत्रूला सांगितली जाते आणि प्रत्येकाची प्रतिक्रिया हीच त्या दिवसाची कथा ठरते. दूधवाल्याच्या रतिबात जसे एका दिवशी दोन लिटर आणि दुसऱ्या दिवशी शून्य असे चालत नाही, तसे इथे रोज ठरल्या मापाने कथा घालावी लागते. शुक्रवारी मात्र माप थोडे जास्त असते, कारण शनिवार-रविवार ओलांडून गिऱ्हाईक सोमवारी परत यायचे असते.

वर्षातले काही महिनेही असेच ठरलेले असतात. नील्सन ही संस्था अमेरिकेत प्रेक्षकांची मोजणी करते. पूर्वी फेब्रुवारी, मे, जुलै आणि नोव्हेंबर या महिन्यांत देशभरच्या स्थानिक केंद्रांची सविस्तर मोजणी होई आणि तिच्यावर जाहिरातींचे दर ठरत. अमेरिकन मालिकांत लग्ने, खून आणि वादळे नेमकी नोव्हेंबरात किंवा फेब्रुवारीत का येतात, याचे रहस्य एवढेच आहे. ‘जनरल हॉस्पिटल’मधले ल्यूक आणि लॉरा यांचे लग्न १६ आणि १७ नोव्हेंबर १९८१ रोजी दाखवले गेले, आणि सुमारे तीन कोटी लोकांनी ते पाहिले, अमेरिकन दुपारच्या मालिकांच्या इतिहासात एवढा प्रेक्षक पुन्हा कधी जमला नाही. एलिझाबेथ टेलरसारखी तारका त्यात पाहुणी म्हणून आली होती. या प्रेमकथेची सुरुवात मात्र १९७९ मध्ये ल्यूकने लॉरावर केलेल्या बलात्काराने झाली होती आणि नंतर त्यावर प्रणयाचा मुलामा चढवला गेला. प्रेक्षकसंख्येच्या आनंदात तेव्हा फार थोड्यांना त्याचे काही वाटले. पुढे मालिकेलाच त्या घटनेकडे पुन्हा वळून हिशेब चुकता करावा लागला.

रोज एक तास कसा तयार होतो?

या कामाची रचना कारखान्यासारखी आहे आणि ती १९३० च्या दशकातच रेडिओवर घडली. फ्रँक आणि ॲन हमर्ट हे जोडपे कथेचा आराखडा देई आणि पगारी संवादलेखक तो भरून काढत. आजही जवळपास तीच पद्धत आहे. मुख्य लेखक पुढच्या काही महिन्यांचा कथापट मांडतो. त्यावरून आराखडा-लेखक प्रत्येक दिवसाचे प्रसंग पाडतात, त्यावर संहिता-लेखक संवाद लिहितात आणि शेवटी संपादक सगळ्यांची भाषा एकसारखी करतो. म्हणजे सोमवारचा आणि बुधवारचा भाग एकाच हाताने लिहिलेला असेलच असे नाही.

चित्रीकरण कथेच्या क्रमाने न होता सेटच्या क्रमाने होते. स्वयंपाकघर उभे असेल तर त्यातले सारे प्रसंग एकामागून एक उरकायचे, मग ते मोडून तिथे पोलीस ठाणे. तीन-चार कॅमेरे एकाच वेळी चालू असतात, त्यामुळे प्रत्येक कोनासाठी प्रसंग पुन्हा करावा लागत नाही. बहुतेक वेळा पहिला किंवा दुसरा प्रयत्नच पक्का धरला जातो. रोज कित्येक पाने पाठ करून येणाऱ्या या नटांना रात्रीच्या मालिकांतले नट कमी लेखत असत, पण ज्युलियन मूर, मेग रायन, केव्हिन बेकन यांची सुरुवात याच तालमीत झाली.

१९७५ पर्यंत तर काही मालिका थेट प्रक्षेपित होत. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ थेट चालू असताना सीबीएसचा वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट याच्या आवाजात राष्ट्राध्यक्ष केनेडींवर गोळीबार झाल्याची बातमी मधेच आली, आणि स्टुडिओतले नट आपला भाग प्रेक्षकांपर्यंत पोचत नसल्याचे ठाऊक नसताना अभिनय करत राहिले. ऑगस्ट १९८३ मध्ये ‘सर्च फॉर टुमॉरो’च्या एका भागाची मूळ फीत आणि राखीव प्रत दोन्ही गहाळ झाल्या, तेव्हा सगळ्यांना गोळा करून तो भाग पुन्हा थेट करावा लागला. जुन्या फिती तर वाहिन्यांनी सर्रास पुसून पुन्हा वापरल्या, त्यामुळे हजारो भाग कायमचे गेले आहेत. रोजच्या रतिबाचे दूध कोण साठवून ठेवणार, असा तो विचार होता.

पडद्यावरच्या कितीतरी गमती वेतनपत्रकातून आलेल्या आहेत. प्रमुख नटाशी साधारण तीन-चार वर्षांचा करार होतो आणि त्यात आठवड्याला किमान इतक्या भागांचे पैसे मिळतील अशी हमी असते. नट वापरला नाही तरी हमीचे पैसे द्यावे लागतात आणि हमीपेक्षा जास्त वापरला तर जादा द्यावे लागतात. म्हणून आठवड्याचा तक्ता आखताना निर्माता दर भागात किती प्रमुख नट असतील हे मोजून ठरवतो. आपल्या पतीवर खटला चालू असताना पत्नी चार दिवस कुठेच दिसत नाही, त्याचे कारण बहुधा हेच असते. उपाहारगृहातला वाढपी कॉफी ठेवून मुकाट्याने निघून जातो, कारण तो बोलला की त्याचे मानधन बदलते. पाच ओळींपर्यंत बोलणाऱ्यांचा तर एक वेगळा वेतनवर्गच आहे.

मेलेला माणूस परत का येतो?

याचे उत्तर तेरा आठवड्यांत आहे. रेडिओच्या काळात जाहिरातदार वेळ विकत घेत तो तेरा आठवड्यांच्या म्हणजे वर्षाच्या चौथाईच्या हिशेबाने, आणि तीच चाल नटांच्या करारांत शिरली. करार तीन वर्षांचा असला तरी दर तेरा किंवा सव्वीस आठवड्यांनी नटाला काढून टाकण्याचा हक्क निर्मात्याला असतो. नटाला मात्र मुदत संपण्याआधी सोडून जाता येत नाही. त्यामुळे पात्रे अचानक परगावी जातात, अपघातात सापडतात, कड्यावरून पडतात. प्रेक्षकांची ओढ कायम असेल आणि नट पुन्हा राजी झाला तर पात्राला परत आणण्यासारखा स्वस्त उपाय दुसरा नाही, कारण नवे पात्र रुजायला वर्ष लागते आणि जुन्याला प्रेक्षक आधीच ओळखतात. प्रेत कधी सापडत नाही ते याच दूरदृष्टीमुळे. नट परतला नाही, तर त्या भूमिकेत नवा चेहरा उभा करून निवेदक एका वाक्यात तसे जाहीर करतो आणि घरातले कोणीही दचकत नाही.

मुलांचेही तसेच. लहान मूल प्रेमकथेत कामाचे नसते, आणि बालकलाकारांच्या कामाच्या तासांवर कायद्याची बंधने असतात. म्हणून वरच्या मजल्यावर झोपायला गेलेले आठ वर्षांचे मूल एका उन्हाळ्यानंतर सोळा वर्षांचे होऊन खाली उतरते. आपल्याकडच्या मालिका ‘लीप’ घेताना निदान सगळ्यांचे वय एकदम वाढवतात. अमेरिकेत फक्त मुलाचे वाढते आणि आईच्या चेहऱ्यावर सुरकुतीही दिसत नाही.

‘रिकामटेकड्या बायकांचे खूळ’ हा आक्षेप कितपत खरा?

हा आक्षेप १९४० च्या दशकापासून घेतला जात आहे. या मालिकांमुळे स्त्रियांच्या मनावर वाईट परिणाम होतो, असे सांगणारे तज्ज्ञही तेव्हा होते. त्याच सुमारास हर्टा हर्झोग या संशोधिकेने न्यूयॉर्क परिसरातील शंभर श्रोत्या स्त्रियांशी प्रत्यक्ष बोलून पाहिले, तेव्हा भावनांना वाट मिळणे आणि स्वप्नरंजन यांच्या जोडीला एक तिसरे कारण पुढे आले: या स्त्रिया मालिकेतून सल्ला घेत होत्या. संसारातल्या कोणत्या प्रसंगी कसे वागावे, हे विचारायला दुसरे कोणी नव्हते.

ॲग्नेस निक्सनने या सवयीचा फार चांगला उपयोग केला. १९६२ मध्ये ‘गाइडिंग लाइट’मधल्या बर्ट बाउअर या गृहिणीला गर्भाशयाचा कर्करोग वेळेत तपासणी केल्यामुळे कळतो, असे कथानक तिला करायचे होते. वाहिनी आणि साबण कंपनी राजी झाली, पण ‘कर्करोग’, ‘गर्भाशय’ आणि ‘गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया’ हे शब्द उच्चारायचे नाहीत या अटीवर. तिने हे शब्द टाळून कथा लिहिली आणि ती स्त्रियांना बरोबर कळली. १९७३ मध्ये, गर्भपाताच्या हक्काचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिल्यानंतर काही महिन्यांतच, ‘ऑल माय चिल्ड्रेन’मधल्या एरिका केनने कायदेशीर गर्भपात करून घेतला; रात्रीच्या मालिकांपैकी ‘मॉड’ने तो विषय आदल्या वर्षीच हाताळला होता. या सगळ्या मालिका काही एवढ्या धीट नव्हत्या, बहुतेक काळ त्या अनौरस अपत्ये आणि हरवलेली मृत्युपत्रे यांतच रमल्या. तरीही ज्या वेळेकडे समीक्षक ढुंकून पाहत नव्हते, त्या वेळेत लेखिकांना अशी मोकळीक मिळाली, हे नोंदवायला हवे.

मग उतरण कशामुळे लागली?

सोपे उत्तर असे दिले जाते की स्त्रिया नोकरीला जाऊ लागल्या आणि दुपार ओस पडली. हे अर्धेच खरे आहे. स्त्रिया १९७० च्या दशकातच मोठ्या संख्येने कामावर जाऊ लागल्या होत्या आणि ल्यूक-लॉराचे लग्न त्यानंतरचे आहे. तो प्रेक्षक वाढवण्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा वाटा मोठा होता. ग्लोरिया माँटी या निर्मातीने १९७८ पासून ‘जनरल हॉस्पिटल’चे प्रसंग छोटे आणि वेगवान करून बुडती मालिका वर काढली होती.

पुढे एकाच वेळी बऱ्याच गोष्टी घडल्या. केबलमुळे तीन वाहिन्यांच्या जागी डझनावारी पर्याय आले. १९९५ मध्ये माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन याच्यावरचा खुनाचा खटला महिनोन्‌महिने थेट दाखवला गेला. त्यापायी मालिकांचे भाग वारंवार कापले गेले आणि खरा खटला हीच एक मालिका झाली. रतीब तुटला की गिऱ्हाईक दुसरा गवळी शोधते, तसे त्या वर्षी गेलेले अनेक प्रेक्षक परतले नाहीत. शिवाय आईच्या किंवा आजीच्या शेजारी बसून मालिका पाहण्याची सवय पिढीकडून पिढीकडे जात होती. ती साखळी तुटल्यावर नवा प्रेक्षक येईना आणि जुना वयस्कर होत गेला. जाहिरातदार मात्र पैसे मोजतो ते मुख्यतः १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांसाठी, त्यामुळे एकूण प्रेक्षक टिकूनही उत्पन्न घटू शकते.

उत्पन्न घटल्यावर वाहिन्यांनी परवाना शुल्क कमी केले. ‘गाइडिंग लाइट’ने २००८ मध्ये मोठे कॅमेरे सोडून हातातले छोटे कॅमेरे घेतले आणि न्यू जर्सीतल्या पीपॅक गावात खऱ्या घरांमधून चित्रीकरण सुरू केले. जुन्या प्रेक्षकांना ते रूप परके वाटले, आणि १८ सप्टेंबर २००९ रोजी रेडिओ-टीव्ही मिळून बहात्तर वर्षांची ही मालिका संपली. बरोबर वर्षाने, १७ सप्टेंबर २०१० रोजी, ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ संपली. तिच्या पहिल्या भागातले पहिले वाक्य हेलन वॅगनर हिने उच्चारले होते आणि मधला थोडा काळ सोडता ती तीच भूमिका त्या वर्षीच्या मे महिन्यात मृत्यू येईपर्यंत करत होती.

जागा घेतली ती गप्पांच्या आणि खेळांच्या कार्यक्रमांनी. इथे वाचक विचारील की त्यांना मालिकांपेक्षा जास्त प्रेक्षक मिळणार होता का. मिळण्याची गरजच नव्हती. एक सेट, चार-पाच सूत्रसंचालक आणि लेखकांची छोटी तुकडी यांवर भागत असल्याने कमी प्रेक्षकांतही शिल्लक जास्त राहते. अर्थात हा हिशेब दर वेळी जमला नाही: २०१२ मध्ये ‘वन लाइफ टू लिव्ह’ची जागा घेणारा ‘द रिव्होल्यूशन’ हा एबीसीचा कार्यक्रम सहा महिन्यांत गुंडाळावा लागला. त्या वाहिनीवर आज ‘जनरल हॉस्पिटल’ एकटी उभी आहे. ‘ऑल माय चिल्ड्रेन’ आणि ‘वन लाइफ टू लिव्ह’ यांना २०१३ मध्ये इंटरनेटवर पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न झाला, पण तो त्याच वर्षी आटोपला.

ज्या उरल्या, त्या कशावर उरल्या?

‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ अर्ध्या तासाची असल्याने खर्च कमी, आणि ती शंभराहून अधिक देशांत विकली गेली आहे. इटलीत तर तिची लोकप्रियता विलक्षण आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हाँगकाँगहून येणाऱ्या स्टार प्लसवर हीच मालिका आणि ‘सांता बार्बरा’ भारतीय घरांत दिसू लागल्या, आणि मुंबई-पुण्यातल्या ज्या इमारतींत नुकतीच केबल आली होती तिथे वडीलधाऱ्यांसमोर त्या पाहाव्यात की नाही असा प्रश्न उभा राहिला. आपल्या दूरदर्शन मालिकांचे मूळ मात्र तिथले नाही. १९८४ ची ‘हम लोग’ मेक्सिकोतल्या प्रबोधनपर मालिकांच्या धर्तीवर उभी केली होती, आणि त्या मालिका अमेरिकन सोपप्रमाणे अनंत काळ न चालता ठरल्या मुदतीत संपत.

‘डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ने दुसरा मार्ग धरला. तिचे चित्रीकरण प्रक्षेपणाच्या कित्येक महिने आधी, आठवड्याला पाचापेक्षा जास्त भाग उरकत होते. मराठी मालिकावाले ज्याला भागांची ‘बँक’ म्हणतात, ती इथे अर्ध्या वर्षाची असते. स्टुडिओचे दिवस त्यामुळे कमी लागतात, पण एखादे कथानक प्रेक्षकांना आवडले नाही तर ते कळेपर्यंत पुढचे सहा महिने चित्रित झालेले असतात. नोव्हेंबर १९६५ पासून एनबीसीवर असलेली ही मालिका १२ सप्टेंबर २०२२ पासून पीकॉक या वर्गणीच्या सेवेवर गेली. नव्वद वर्षे साबणवाल्याने भरलेले बिल तिथे पहिल्यांदा मुख्यतः प्रेक्षकाच्या हाती आले.

कामगार संघटनेच्या करारातली एक तरतूदही उपयोगी पडली. २०२३ मध्ये हॉलीवूडच्या नटांचा संप झाला, तेव्हा दुपारच्या मालिकांतले नट त्यांच्याच संघटनेच्या वेगळ्या करारान्वये काम करत असल्याने चित्रीकरण थांबले नाही.

आणि आता ‘बियॉन्ड द गेट्स’. वॉशिंग्टनजवळच्या एका काल्पनिक श्रीमंत वसाहतीतल्या ड्युप्री या कृष्णवर्णीय कुटुंबाची ही कथा मिशेल व्हाल जीन या अनुभवी लेखिकेने रचली आहे. १९९१ मध्ये बंद पडलेल्या ‘जनरेशन्स’नंतर प्रामुख्याने कृष्णवर्णीय पात्रे असलेली मोठ्या वाहिनीवरची दुपारची मालिका अमेरिकेत झाली नव्हती. चित्रीकरण लॉस एंजेलिस किंवा न्यूयॉर्क टाळून जॉर्जिया राज्यात अटलांटाजवळ होते, जिथे चित्रपट-टीव्ही निर्मितीला करात मोठी सवलत आहे. सीबीएस आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करणारी एनएएसीपी ही संघटना यांच्या संयुक्त उपक्रमातून ती आली आहे, आणि निर्मितीत तिसरा भागीदार आहे प्रॉक्टर अँड गॅम्बलची निर्मितिसंस्था. कंपनीची शेवटची मालिका ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे दुपारी दोन वाजता लागत असे. ती संपल्यावर काही आठवड्यांनी त्या वेळेला ‘द टॉक’ हा गप्पांचा कार्यक्रम आला आणि डिसेंबर २०२४ मध्ये तोही बंद झाला. ‘बियॉन्ड द गेट्स’ला सीबीएसने दिलेली वेळ दुपारी दोनचीच आहे.